शनिवारातून बोलणाऱ्या आजी आणि यंत्राचं व्याकरण

“मी शनिवारातून बोलतेय. उद्या सकाळी साडेदहाला जमेल का?”

पुण्यात चार दिवस काढलेला माणूसही या वाक्याला अडखळणार नाही. आजी शनिवार पेठेत राहतात आणि त्यांना उद्याची वेळ हवी आहे. पण डोळ्यांच्या एका दवाखान्यात फोनवर वेळ देणारं जे यंत्र मी बसवलं होतं, त्याने आजींची नोंद केली शनिवारी सकाळी साडेदहाची. त्या दिवशी होता सोमवार. बरं, यंत्राने खात्रीही करून घेतली होती, “शनिवार, सकाळी साडेदहा. बरोबर?” त्यावर आजी म्हणाल्या, “हो हो, शनिवारच.” मंगळवारी आजी दवाखान्यात हजर आणि यादीत नाव नाही. काउंटरवरच्या ताईंचा मला फोन आला, “अहो, तुमच्या मशीनला आधी पेठा शिकवा.”

यंत्राला ऐकू नीट आलं होतं. चुकलं होतं ते मी लिहिलेलं व्याकरण. ते व्याकरण म्हणजे काय, ते लिहितात कसं आणि लिहिल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे आजींच्या निमित्ताने सांगते.

व्याकरण म्हटलं की आपल्याला शाळेतले कर्ता-कर्म-क्रियापद आणि लाल शाईच्या रेघा आठवतात. इथे शुद्ध-अशुद्धाचा संबंध नाही. यंत्राच्या बाबतीत व्याकरण म्हणजे त्याने कोणकोणती वाक्यं ऐकायची तयारी ठेवायची, याची नेमकी व्याख्या. यंत्र आवाजाचे सेकंदाला शंभरेक बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा ‘स’सारखा किती, ‘आ’सारखा किती असे गुण देतं. नुसत्या या गुणांवरून वाक्य लावायला गेलं तर भलतंच काहीतरी हाती येतं, कारण बोलताना आपण अक्षरं खातो, जोडतो, घाईत ढकलतो. मग यंत्र व्याकरणाकडे वळतं आणि विचारतं, तू परवानगी दिलेल्या वाक्यांपैकी कुठलं वाक्य या आवाजाला सगळ्यात जास्त जुळतं? उत्तर नेहमी त्या परवानगीतूनच येतं. यादीत नसलेली गोष्ट यंत्राला ऐकूच येत नाही. हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण, आणि आजींच्या बाबतीत झालं ते पाहता दोषही.

आता कुणी म्हणेल, मोबाईलवर तर आपण वाट्टेल ते बोलतो आणि ते टाइप होतं, तिथे कुठे व्याकरण लिहायला लागतं? खरं आहे. तिथे प्रचंड मजकुरावर शिकवलेली मोठी मॉडेल्स असतात आणि पुष्कळदा आवाज दूरच्या सर्व्हरवर जातो. या दवाखान्यातलं इंटरनेट पावसाबरोबर येतं-जातं आणि डॉक्टरांना पेशंटचा आवाज बाहेर पाठवायचा नव्हता. काउंटरखाली ठेवलेल्या पाठ्यपुस्तकाएवढ्या संगणकावर सगळं भागवायचं होतं. विषयही एवढाच, की कोणता दिवस आणि किती वाजता. एवढ्यासाठी हाताने लिहिलेलं व्याकरण आजही उत्तम चालतं.

पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७६ साली ‘हार्पी’ नावाची प्रणाली तयार झाली. तिला १,०११ शब्द कळत. परवानगी असलेली सगळी वाक्यं आधीच एका मोठ्या जाळ्यात गुंफून ठेवायची आणि बोलणाऱ्याचा आवाज त्या जाळ्यातून कोणत्या वाटेने गेला ते शोधायचं, ही तिची युक्ती. पुढे सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये व्याकरणं लिहायची जेएसजीएफ नावाची पद्धत ठरवून दिली आणि वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मार्च २००४ मध्ये एसआरजीएस हा मानदंड आणला. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. लिहायच्या खुणा एकदा कळल्या की असं व्याकरण वाचता येतं.

खुणा एवढ्याच: कोनी कंसात नियमाचं नाव, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, चौकोनी कंसात ऐच्छिक भाग, गोल कंसात एकत्र धरायचे पर्याय आणि अर्धविराम म्हणजे नियम संपला. दवाखान्याच्या व्याकरणाची पहिली ओळ अशी होती:

<मागणी> = <दिवस> [<प्रहर>] <वेळ> [वाजता] ;

म्हणजे आधी दिवस, मग वाटलं तर ‘सकाळी’ वगैरे, मग वेळ आणि शेवटी वाटलं तर ‘वाजता’. दिवसाचे दहा शब्द: आज, उद्या, परवा आणि सात वार. (परवा हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. पण दवाखान्याची गेल्या परवाची वेळ कुणी मागत नाही, त्यामुळे तो गोंधळ आपोआप मिटतो.) प्रहराचे तीन: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. इथवर सगळं सरळ होतं. खरी मजा वेळेत आहे.

पहिल्या रात्री मी घाईत लिहिलं होतं, की वेळ म्हणजे ‘सव्वा’, ‘साडे’ किंवा ‘पावणे’, आणि पुढे एक ते बारापैकी कोणताही आकडा. कागदावर छान दिसतं. पण मग यंत्र ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ ऐकायला तयार होतं, जे कुणी म्हणत नाही, आणि ‘दीड’ व ‘अडीच’ ऐकायला तयार नसतं, जे सगळे म्हणतात. पावणेएकचंही तसंच. बरेच जण, विशेषतः वयस्कर माणसं, ‘पाऊण वाजता’ म्हणतात. संस्कृत व्याकरणकार याला उत्सर्ग आणि अपवाद म्हणायचे: आधी सरसकट नियम, मग त्यातून वेगळी काढलेली जागा. संगणकाचा विषय निघाला की पाणिनीला ओढून आणायची आपल्याकडे हौस आहे आणि एरवी मला तिचा कंटाळा येतो, पण हे दोन शब्द इथे अगदी चपखल बसतात. सुधारलेला नियम असा:

<वेळ> = <तास> | सव्वा <तास> | साडे <तिनापासून> | पावणे <दोनापासून> | दीड | अडीच | पाऊण ;
<तास> = एक | <दोनापासून> ;
<दोनापासून> = दोन | <तिनापासून> ;
<तिनापासून> = तीन | चार | पाच | सहा | सात | आठ | नऊ | दहा | अकरा | बारा ;

मोजून पाहा. नुसते तास बारा, सव्वाचे बारा, साडेचे दहा, पावणेचे अकरा आणि सुटे तीन. बेरीज अठ्ठेचाळीस. बारा तासांत पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडेही बरोबर अठ्ठेचाळीसच. एकही वेळ सुटलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही. असा हिशोब जुळला की मला चहा लागतो.

‘दहाला पाच कमी’, ‘अकरा वाजून दहा मिनिटं’ हे मी मुद्दाम घेतलं नाही. दवाखान्यात वेळा पाव-पाव तासाच्याच असतात आणि ताईंच्या शेजारी तीन दिवस वही घेऊन बसले, त्यात एकाही फोनवर कुणी असं बोललं नाही. नवख्या माणसाला वाटतं, घालून ठेवलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. यंत्राला निवडीसाठी दिलेली प्रत्येक जास्तीची वाट ही चुकायची एक जास्तीची संधी असते. फोनच्या तारेतून आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात येतो, आणि ‘स’ची बहुतेक सळसळ त्या पट्ट्याच्याही वर असते. त्यामुळे फोनवरचं ‘सात’ अर्धवट बोडकं होऊन ‘आठ’च्या जवळ जातं. अशा जोड्या आधीच पुरेशा असताना त्यात मिनिटांचे आकडे कालवले, तर ‘साठ’ही येऊन बसतो. म्हणून कुणी म्हणत नाही ते घ्यायचंच नाही.

पण याच तत्त्वाच्या नावाखाली मी एक घोडचूक केली. दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो. मग त्या वेळा व्याकरणात कशाला, असं म्हणून मी दुपारच्या सगळ्या वेळा काढल्या आणि फक्त ‘दुपारी चार’ ठेवलं. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी विचारलं, “दुपारी दीडला येऊ का?” यंत्र म्हणालं, “दुपारी चार, बरोबर?” “चार नाही हो, दीड.” “दुपारी चार, बरोबर?” तिसऱ्या वेळी त्यांनी फोन आपटला. यंत्राची काय चूक? ‘दुपारी’ ऐकल्यावर त्याच्यापुढे एकच रस्ता उघडा होता. व्याकरण लोकांच्या तोंडाप्रमाणे लिहायचं असतं, दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे नाही. ‘दीड’ ऐकून घ्यायचं आणि मग “दुपारी एक ते चार दवाखाना बंद असतो” असं सांगायचं. नकार देण्यासाठीही आधी ऐकावं लागतं. वेळापत्रकाची तपासणी नंतरच्या प्रोग्रॅमचं काम, ‘सकाळी दीड’सारख्या वेडगळ जोड्या पकडायचंही त्याचंच.

आता हे लिहिलेलं यंत्राला कसं कळतं? त्यासाठी व्याकरण कंपाइल करावं लागतं, म्हणजे यंत्राला वापरता येईल अशा रूपात बदलावं लागतं. ते काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. आपण लिहितो ते नियम, पण शोध घेणाऱ्या इंजिनाला हवं असतं जाळं. डोळ्यांपुढे पेठांमधले बोळ आणा, सगळे एकेरी. काही चौक आणि एका चौकातून दुसऱ्याकडे जाणारे रस्ते. प्रत्येक रस्त्यावर एका शब्दाची पाटी. सुरुवातीच्या चौकातून शेवटच्या चौकापर्यंत कुठल्याही वाटेने जा, वाटेतल्या पाट्या ओळीने वाचल्या की एक वैध वाक्य तयार.

आपल्या व्याकरणाचं जाळं किती मोठं होईल? वाक्यांचा हिशोब सोपा आहे. दहा दिवस, प्रहराचे चार पर्याय (तीन प्रहर किंवा काहीच नाही), अठ्ठेचाळीस वेळा आणि ‘वाजता’ आहे किंवा नाही. गुणाकार केला की ३,८४० वाक्यं होतात. प्रत्येकाचा वेगळा रस्ता काढला तर गावभर खोदाई. पण कंपायलर दोन कामं करतो. ज्यांची सुरुवात सारखी, ती एकत्र करतो. ‘साडेनऊ’ आणि ‘साडेदहा’ या दोघांसाठी ‘साडे’चा रस्ता एकच, फाटा त्यापुढे. आणि ज्यांचा शेवट सारखा, त्यांना एकाच चौकात आणून सोडतो. वेळ कोणतीही असो, नंतर ‘वाजता’च येणार, मग अठ्ठेचाळीस ‘वाजता’ कशाला? एवढं केल्यावर उरतात आठ चौक आणि सदुसष्ट रस्ते, त्यातही दोन बिनपाटीचे, म्हणजे न बोलता पुढे जायचे. ३,८४० वाक्यं एवढ्यात बसतात. मोठ्या शब्दसंग्रहासाठी हीच कामं गणिती शिस्तीत कशी करायची, त्याचा पाया एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत मेहर्यार मोहरी, फर्नांडो परेरा आणि मायकेल रायली यांनी घातला. २०११ मध्ये आलेला ‘काल्डी’ हा बोलणं ओळखायच्या साधनांचा खुला संच त्याच पायावर उभा आहे.

जाळं शब्दांचं झालं, पण यंत्र ऐकतं ध्वनी. म्हणून पुढच्या टप्प्यात प्रत्येक शब्दाच्या पाटीजागी त्याच्या उच्चारांची माळ बसते आणि प्रत्येक ध्वनीचे पुन्हा सुरुवात-मध्य-शेवट असे तुकडे पडतात. यासाठी उच्चारकोश लागतो, आणि मराठीत तो लिहिताना अक्षरावर विसंबून चालत नाही. ‘चार’ आणि ‘पाच’ घ्या. दोन्हीकडे ‘च’च. पण ‘चार’मध्ये जीभ टाळूला लागते आणि ‘पाच’मध्ये दातांना. ‘आज’ आणि ‘वाजता’ यांतला ‘ज’ही दातांचाच. माझ्याआधी कुणीतरी अक्षरावरून आपोआप उच्चार काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याने ‘पाच’चा च टाळूला लावला आणि पाच वाजताच्या वेळा निम्म्याने हरवल्या. मी सगळे शब्द हाताने तपासले. मोजकेच शब्द, एका दुपारचं काम. शिवाय एकाच शब्दाचे दोन-दोन उच्चार द्यावे लागतात. अकरा आणि आकरा, शुक्रवारी आणि सुक्रवारी. भोर-वेल्ह्याकडून येणारे एक आजोबा गुरुवारला ‘बेस्तरवार’ म्हणतात. तो उच्चाराचा फरक नाही, शब्दच वेगळा. तोही घातला.

कंपायलर तक्रारी करतो त्या बहुतेक साध्या असतात: अर्धविराम राहिला, नियमाचं नाव चुकलं, शब्दाचा उच्चार कोशात नाही. शेवटच्या तक्रारीने मात्र माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. ‘दुसऱ्या दिवशी चालेल’ हे वाक्य घातलं होतं आणि कंपायलर म्हणत होता, ‘दुसऱ्या’ हा शब्द कोशात नाही. कोशात तर डोळ्यांसमोर दिसत होता! शेवटी कळलं, की ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. व्याकरण मी एका कळफलकावर लिहिलं होतं, कोश दुसऱ्या. देवनागरीत काम करणाऱ्याने सगळा मजकूर आधी एका साच्यात आणून घ्यावा, मगच कंपायलरकडे जावं.

आणखी एक खड्डा असतो तो स्वतःकडेच वळणाऱ्या नियमाचा. आकड्यांची ओळ म्हणजे ‘आकड्यांची ओळ आणि पुढे एक आकडा’, असं लिहिलं की साधा कंपायलर ओळ म्हणजे काय ते शोधायला पुन्हा त्याच ओळीकडे जातो आणि गोल फिरत बसतो. ‘एक किंवा जास्त आकडे’ अशी स्पष्ट पुनरावृत्तीची खूण वापरली की सुटका होते.

आकडे आम्हाला लागले मोबाईल नंबरासाठी. घरच्या फोनवरून बोलणारी वयस्कर माणसं निरोपासाठी मुलाचा नंबर देतात, आणि तो कसा देतात ते ऐकण्यासारखं असतं. कुणी “नऊ आठ दोन दोन”, कुणी “नाईन एट डबल टू”, कुणी “अठ्ठ्याण्णव बावीस”, आणि एकाच नंबरात हे तिन्ही. यासाठी जाळ्यात अकरा चौक ओळीने मांडले, शून्यापासून दहापर्यंत. सुटा आकडा एक चौक पुढे नेतो, ‘बावीस’ किंवा ‘डबल टू’ दोन चौक आणि ‘ट्रिपल’वालं तीन. दहाव्या चौकात पोचल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. म्हणजे नऊ आकडी नंबर यंत्राला ऐकूच येणार नाही. अशा जाळ्यांना अमर्याद मोजता येत नाही, पण दहापर्यंत मोजायला अकरा चौक पुरतात.

इथेच बालभारतीचा वाद आठवतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं होतं, मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात म्हणून. गावभर चर्चा झाली. व्याकरण लिहिणाऱ्याला पहिल्या नजरेत नवी पद्धत हवीहवीशी वाटते. जुन्यात सगळी नावं एकेक करून लिहायची. नव्यात दशकांचा एक नियम, एककांचा एक, संपलं. पण फोनवर कुणी “वीस दोन” म्हटलं तर लिहायचं काय, बावीस की दोन-शून्य-दोन? “पन्नास सात” म्हणजे सत्तावन्न की पाचशे सात? ‘सत्तावन्न’ला असला प्रश्न पडत नाही. ते एक घट्ट बांधलेलं गाठोडं आहे, कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते कानाला कळतं. मुलांच्या बाजूने वाद घालायला मी तयार आहे, पण यंत्राच्या बाजूने विचाराल तर माझं मत जुन्या नावांना. त्यांचाही त्रास आहेच: ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ रोज एकमेकांच्या जागी जाऊन बसतात.

आता परत आजींकडे.

माणसं फोनवर थेट ‘उद्या सकाळी साडेदहा वाजता’ असं कधीच म्हणत नाहीत. आधी “हॅलो, ऐकताय ना”, मधे “म्हणजे कसं”, शेवटी “बघा जरा”. हे सगळं लिहून काढणं अशक्य. म्हणून व्याकरणात एक भरताडाची जागा ठेवतात, एसआरजीएसमध्ये तर तिचं नावच ‘गार्बेज’ आहे. या जागेत कुठलाही आवाज खपतो, पण तिथून जायला जाळं टोल घेतं. टोल नसेल तर यंत्र सगळंच भरताड समजून मोकळं होईल. फार असेल तर भरताडातूनही ओळखीचे शब्द उकरून काढेल. माझं दुसरं झालं होतं.

आजींच्या वाक्याला जाळ्यात दोन वाटा होत्या. एक: ‘मी शनिवारातून बोलतेय’ हे सगळं भरताड, मग ‘उद्या सकाळी साडेदहा’. दुसरी: ‘मी’ भरताड, ‘शनिवार’ हा ओळखीचा शब्द, ‘ातून बोलतेय उद्या’ भरताड, मग ‘सकाळी साडेदहा’. ‘शनिवार’ चांगला चार अक्षरी, ठसठशीत, गुण भरपूर मिळवणारा. ‘उद्या’ दोन अक्षरी, तोही घाईत म्हटलेला. टोल जवळपास सारखाच, मग जास्त गुणांची वाट जिंकली. प्रत्येक उत्तरासोबत यंत्र आपली खात्री किती तेही आकड्यात सांगतं, आणि तो आकडा कमी असेल तर फोन ताईंकडे वळवायची सोय मी केली होती. पण इथे खात्री चांगली होती. का नसावी? आजी खरोखरच ‘शनिवार’ म्हणाल्या होत्या.

टोल कमी-जास्त करून हे सुटणार नव्हतं. सुटलं ते विभक्तीने. वार सांगायचा तर आपण ‘शनिवारी’ म्हणतो, ‘शनिवारची’ म्हणतो. पेठ सांगायची तर ‘शनिवारात’, ‘शनिवारातून’. सातही वारांच्या पेठा या शहरात आहेत आणि सातही ठिकाणी हा फरक इमानेइतबारे पाळला जातो. मी मात्र वारांच्या नियमात प्रत्यय ऐच्छिक ठेवून नुसतं ‘शनिवार’ही चालवून घेतलं होतं. पहिल्यांदा ते बंद केलं, नुसता वार फक्त वाक्याच्या अगदी शेवटी घेतला. मग पत्त्याला स्वतःची वाट दिली:

<पत्ता> = [मी] <पेठेतून> ( बोलतोय | बोलतेय | बोलतो | बोलते ) ;

आणि <पेठेतून> मध्ये शनिवारातून, बुधवारातून, सदाशिवातून, नारायणातून, कसब्यातून अशी सगळी माळ. या वाटेचं अर्थाच्या खात्यात काहीही जमा होत नाही. यंत्राने ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं. पण ‘शनिवारातून’ पूर्ण जुळणारी आणि बिनटोलाची वाट मिळाल्यावर अर्धवट ‘शनिवार’ मागे पडला. शब्द ओलांडून जायचा असेल तर आधी तो यादीत हवा, हे मला तेव्हा उमगलं. वर दिलेला ३,८४०चा हिशोब या बदलानंतर अर्थात मोडला.

कंपाइल झालेलं व्याकरण तपासायची एक जुनी रीत आहे. त्यालाच उलटं चालवायचं आणि मनाला येतील ती वाक्यं बोलायला लावायची. केंब्रिजचा एचटीके आणि जपानचा ज्युलियस या काल्डीसारख्याच संचांमध्ये यासाठी वेगळी साधनंच आहेत. ढिसाळ नियम लगेच उघडे पडतात. पहिल्या आवृत्तीने मला “परवा सकाळी साडेएक वाजता” असं ऐकवलं होतं. या वेळी मी अशी पन्नास वाक्यं छापून दवाखान्यात नेली आणि काउंटरला टेकून ताईंना मोठ्याने वाचून दाखवायला लागले. ताई खाली मान घालून कसल्याशा पावत्या लावत होत्या.

“मी रविवारातून बोलतेय, शुक्रवारी सकाळी पावणेबारा वाजता.”

त्यांनी मान वर न करता वही ओढली. “शुक्रवारी पावणेबारा भरलंय. बाराची देऊ?”